बिनवायरीचा फोन

११ जुलै, गुरुवार

सकाळपासून गिऱ्हाईक नव्हतं. बाराच्या सुमाराला एक बाई आमच्या मोबाइल दुरुस्तीच्या दुकानाच्या चौदा पायऱ्या न थांबता चढून वर आल्या आणि थेट माझ्या टेबलासमोर बसल्या. पंचावन्नच्या असतील. डोक्यावर पदर, हातात कापडी पिशवी, काखेत दवाखान्याचं भलंमोठं पिवळं पाकीट. रुमालात गुंडाळलेला फोन काढून म्हणाल्या, "याले बिनवायरीचं चार्जिंग बसवून दे."

मी म्हटलं, "मावशी, या फोनमध्ये ते येत नाही. ते महागड्या फोनला कंपनीतूनच असतं."

"येत नाई हे मले मालूम आहे. म्हनून तं बसवून दे म्हनून राहिली."

फोन उघडून पाहिला. सात-आठ वर्षं जुना, मागचं झाकण नखाने निघणारं. आत मूळच्या दुप्पट जाडीची बॅटरी आणि तिच्यासाठी फुगीर झाकण, हातात घेतला तर नवी साबणवडी. चार्जिंगचं भोक पार मोडलेलं, आधीही दोनदा बदललेलं दिसलं. हे कसं झालं विचारलं, तर म्हणाल्या, "पोरगा दातानं पिन लावते."

मग एकेक कळत गेलं. बाईंचं नाव पार्बताबाई, गाव पातूरजवळ. मुलगा जीवन. विजेच्या लाइनवर एका ठेकेदाराकडे होता. तीन वर्षांपूर्वी खांबावर शॉक बसला. उजवा हात कोपराखाली नाही, डाव्या हाताची दोनच बोटं जराशी वळतात. त्या दोन बोटांनी आणि आवाजाने तो फोन चालवतो, पण पिन काही लागत नाही.

काउंटरवरून माझा भाऊ सागर म्हणाला, "मंग एवढी जाडी बॅटरी कायले?"

"दिवसभर फोन येतेत ना त्याले. वावरातली लाईन कवा येते, कवा जाते, मोटर कवा लावू. तीस खेड्यांचे लोक त्यालेच इचारतेत. साधी बॅटरी बाराच्या टायमाले मरते."

मी विचारलं, "अकोल्यात दुकानं नाहीत का, मावशी? तिथून एवढ्या दूर अमरावतीला आलात?"

"अठी येनं होतेच माह्यं. गुडघ्याचा फोटू काढाले." पाकिटावर हात ठेवला.

निघताना त्यांचं लक्ष सागरच्या डाव्या हाताकडे गेलं. तो भाजल्याचा डाग सगळ्यांनाच दिसतो, पण कोणी विचारत नाही. यांनी विचारलं. गिऱ्हाइकाला मी हे सांगत नाही, यांना का सांगितलं कोण जाणे. दोन वर्षांपूर्वी मी घाईत एक झाकण दाबून बसवलं, बॅटरी चेपली आणि याच टेबलावर पेटली. सागर विझवायला धावला. बाई म्हणाल्या, "बरं झालं सांगतलं. पोळ्याच्या आंधी दे मले, पन नीट दे."

पोळ्याला अजून सात आठवडे आहेत. पावतीवर त्यांनी माझं नाव आणि नंबर मोठ्या अक्षरांत लिहून घेतला. तोवर मुलाला वापरायला दुकानातला एक छोटा फोन दिला. त्याची पिन सध्या आईच लावेल.

१३ जुलै, शनिवार

कॉइल मागवली. कागदासारखी पातळ पट्टी असते, ती बॅटरी आणि झाकणाच्या मध्ये बसवायची, तिच्या दोन बारीक तारा आतल्या चार्जिंगच्या पट्टीला डकवायच्या. मग फोन नुसता चार्जिंगच्या पॅडवर ठेवला की झालं. साध्या फोनला अर्ध्या तासाचं काम. इथे दोन अडचणी. झाकण जाड, त्यामुळे कॉइल पॅडपासून लांब पडणार. आणि कॉइल तापली की पहिली झळ त्या जाड्या बॅटरीला.

सागर म्हणाला, "नाही म्हणून टाक." खरं म्हणजे मलाही तेच वाटलं होतं. पण दाताने पिन लावणारा माणूस डोळ्यांसमोरून जात नाही.

२० जुलै, शनिवार

झाकण आतून कानशीने घासून निम्मं केलं. आता पॅड फोनला ओळखतो. पण चाळीस मिनिटांत बॅटरी अठ्ठेचाळीस अंशांवर गेली. मी पंचेचाळीसच्या वर जाऊ देत नाही. हा माझा नियम आहे, भीती नाही.

पार्बताबाई आल्या. झालं नाही म्हटलं, तर रागावल्या नाहीत. "तुह्या मनासारखं होऊ दे," एवढंच. परत जाताना जिन्याच्या चौथ्या पायरीवर बसून राहिल्या, पोटाला हात लावून. सागरने पाणी नेऊन दिलं. सकाळची बस लागली असेल. पातूरहून अकोला, अकोल्याहून इथे, चार तास तरी होतात.

२६ जुलै, शुक्रवार

आज जीवनने स्वतः आवाजाचा मेसेज पाठवला. "मॅडम, मायनं सांगतलं फोन तापून राहिला. तुमचा पॅड कोन्या अडॅप्टरवर आहे? करंट कमी पडत असन तं पॅड चालू-बंद, चालू-बंद करते. त्याच्यानं जास्त तापते. पाहून घ्या."

पाहिलं. खरंच जुन्या अडॅप्टरवर लावला होता! बदलला तर तीन अंश उतरले. मी उलट फोन केला. मग कॉइलच्या मागे काळी चुंबकी शीट लावण्याबद्दल बोलणं झालं, त्याच्या गावातल्या व्होल्टेजबद्दल झालं, रात्री अडीचला लाईन येते तेव्हा लोक त्याला उठवून शिव्या घालतात त्याबद्दल झालं. तो म्हणाला, "वायरीशी माह्यं जुनं भांडन आहे मॅडम. तुमी मिटवून देऊन राहिल्या."

फोन ठेवला तेव्हा पाऊण तास झाला होता. सागरने विचारलं, "व्होल्टेजचंच बोलणं होतं ना?" त्याला कामातलं काही कळत नाही.

३ ऑगस्ट, शनिवार

काळी शीट जाडसर घेतली, बॅटरी आता बेचाळीसवर थांबते. नवी अडचण म्हणजे फोन पॅडवर बोटभर जरी सरकला तरी चार्जिंग तुटतं. आपण हाताने नीट करतो, जीवनला ते जमणार नाही. आमच्या गल्लीतल्या सुताराकडून लाकडाचं एक तबक करून घेतेय. दोन्ही बाजूंना पट्ट्या, पुढे रुंद आणि मागे अरुंद. फोन कोपराने ढकलला की आपोआप कॉइल पॅडच्या बरोबर मध्ये जाऊन बसेल.

माप विचारायला जीवनला फोन केला. सांगत होता, आईने घरात सगळंच बदलायला काढलंय. नळ खाली घेतला, आता पायाने उघडतो. दाराची कडी काढून कोपराने दाबायची दांडी बसवली. रोज त्याच्याकडून एक काम करून घेते आणि स्वतः खाटेवर बसून पाहते. "कडक हेडमास्तर झाली," म्हणून हसत होता. मला कौतुक वाटलं. काही घरांना अशी उशिरा का होईना, पण नवं करायची हौस येते.

१० ऑगस्ट, शनिवार

चाचणीचा पहिला दिवस. दर तासाला तापमान लिहायचं, मध्ये मध्ये स्वीच बंद करून पुन्हा लावायचा, जसं त्यांच्याकडे लाईन जाते-येते तसं. लाईन परत आल्यावर पॅड आपोआप सुरू होतो का, हे मुख्य.

सागर म्हणाला, "झालं ना आता? देऊन टाक."

बारा दिवस, असं मी ठरवलंय.

१४ ऑगस्ट, बुधवार

पार्बताबाई तिसऱ्यांदा आल्या. बऱ्याच वाळल्यात. श्रावणाचं एकभुक्त करत असतील. जीवनही म्हणत होता, माय एकाच टायमाले जेवते. चहा दिला, तर अर्धा ठेवला.

आज मात्र त्यांनी वकिलासारखे प्रश्न विचारले. रातभर ठेवला तं? लाईन गेली न आली तं? पानी सांडलं तं? मी घरात नसली तं? प्रत्येकाचं उत्तर दिलं. म्हटलं, अजून आठ दिवस चाचणी राहिलीय, पाहिजे असेल तर आज न्या, पण माझं मन सांगत नाही.

त्या तबकाच्या पट्टीवर बोट फिरवत बसल्या. मग म्हणाल्या, "आठ दिवस. बरं."

त्या गेल्यावर सागर सांगत होता, त्याच्या फोनवरून त्यांनी कोणाला तरी फोन केला, "साहेब, अजून आठ दिवस पुढं घ्या" म्हणून. तहसीलचं काही काम अडलं असेल.

२१ ऑगस्ट, बुधवार



सकाळी साडेदहाला माझ्या फोनवर दवाखान्यातून फोन आला. "पार्बताबाईंच्या नातेवाईक हर्षा तुम्हीच ना?" मी म्हटलं, नाही, म्हणजे हो, ओळखते. सिस्टर चिडलेल्या होत्या. पेशंटच्या पोटात गाठ आहे, जुलैतच ऑपरेशन सांगितलं होतं, पेशंटने तीनदा तारीख पुढे ढकलली, आज सकाळी भरती व्हायचं तर आल्याच नाहीत. डॉक्टर विचारतात, करायचं आहे की नाही?

मी विचारलं, माझा नंबर तुमच्याकडे कसा? म्हणाल्या, पेशंटने पावती दाखवली होती, घरचा नंबर नको म्हणाल्या, मुलगा उचलतो.

गुडघ्याचा फोटू. अर्धा चहा. चौथी पायरी. सगळं माझ्याच अक्षरात या वहीत लिहिलेलं आहे आणि मी बस लागली म्हणून, श्रावण म्हणून पुढे गेले.

दहा ऑगस्टला फोन तयार होता. खरं तर सहा तारखेलाच होता. पुढचे दिवस कशासाठी होते? सागरला विचारलं, यातले किती चाचणीचे आणि किती माझ्या भीतीचे? तो म्हणाला, "माझ्या हाताचं तू अजून धरून बसली आहे. मी कधी म्हटलं का तुझी चूक होती?" मग शटर अर्धं ओढून म्हणाला, "तबक मी बांधून देतो. उद्या पहिल्या बसने जा."

२२ ऑगस्ट, गुरुवार (पातूरहून अकोल्याकडे परतीच्या बसमध्ये लिहितेय)

घर रस्त्यापासून आत आहे. दोन खोल्या, अंगण सारवलेलं. जीवन ओट्यावर बसला होता, मांडीवर छोटा फोन, स्पीकर सुरू, कोणाला तरी सांगत होता की दुपारची लाईन आज सोडून द्या. मला पाहून उभा राहिला. माझ्या मनातल्यापेक्षा उंच निघाला.

आधी काम केलं. तबक त्याच्या कोपराच्या उंचीला भिंतीत बसवलं. त्याने फोन ठेवून कोपराने सरकवला, पट्ट्यांतून घसरत जाऊन थांबला, आणि दिवा लागला. त्याने काढला, परत सरकवला. असं सहा-सात वेळा. मग फोन वाजला, तर तो घेऊन बोलत बोलत अंगणात गेला.

मी स्वयंपाकघरात गेले. पार्बताबाई भाकर टाकत होत्या. मी म्हटलं, "मावशी, काल दवाखान्यातून मला फोन आला."

त्यांचा हात थांबला नाही. "मालूम होतं, एक दिवस येईन."

"मला एका शब्दाने सांगायचं ना!"

"सांगतलं असतं तं तू काय केलं असतं?"

"दोन दिवसांत फोन दिला असता."

"थेच भेव होतं मले." भाकर उलटली. "घाई केली असती तू. घाईनं काय होते, थे तुह्या भावाच्या हातावर पयल्याच दिवशी पाह्यलं म्या. माह्या माघारी थो एकटा असन घरात. बॅटरी पेटली तं फेकाले हात कुठी हायेत त्याले?"

मी म्हटलं, "शेजाऱ्यांनी लावून दिली असती की पिन."

"लावली असती. पयले दोन दिवस." त्या तव्याकडेच पाहत बोलत होत्या. "मांगच्या वर्सी बहिनीच्या पोरीच्या लग्नाले गेलती. दोनच दिवस. शेजारी वावरात गेले, याचा फोन मेला. हा न्हानीत पडला. संध्याकाळपावतर तसाच पडून होता, कोनाले हाक गेली नाई. मले सांगतलंबी नाई त्यानं. आंग पुसताना पाठीवरचं निळं दिसलं, तवा कळलं."

"कोनती तारीख?"

जीवन दारात उभा होता. किती वेळचा, माहीत नाही.

पार्बताबाई म्हणाल्या, "काई नाई. जेवाले बस."

"दवाखान्याची कोनती तारीख, माय?"

शेवटी त्यांनी सांगितलं. चार वाक्यांत. गाठ आहे, काढायची आहे, दवाखान्यात दहा-बारा दिवस लागतील, फोन व्हायची वाट पाहत होते. जीवनचं तोंड आधी पांढरं पडलं आणि मग तो इतक्या जोरात ओरडला की बाहेरचं कुत्रं उठून उभं राहिलं.

"माह्ये हात गेले, माय! डोकं नाई गेलं! गाठ तुह्या पोटात, आन तू माह्या फोनची वाट पाहून राहिली? मले इचारलं काहून नाई? मी का लेकरू आहे?"

त्या पहिल्यांदाच रडल्या. पीठ लागलेला हात डोळ्याला लावला. तो जवळ गेला नाही. तबकापाशी गेला, दोन बोटांच्या पेरांनी फोन बाहेर ओढला आणि मला म्हणाला, "मॅडम, नंबर सांगा दवाखान्याचा." मी आकडे सांगत गेले, तो मोठ्याने फोनला सांगत गेला. स्पीकरवर सिस्टर आल्या.

"मी पार्बताबाईंचा मुलगा बोलून राहिलो. जी सगळ्यात पहिली तारीख भेटन, थे द्या. आता पुढं ढकलनार नाई कोनी. आन माहा नंबर लिहून घ्या."

२९ तारीख मिळाली.

फोन ठेवून तो भिंतीला पाठ लावून खाली बसला. पार्बताबाईंनी ताट वाढलं, भाकर कुस्करली, पहिला घास पुढे केला. त्याने मान वळवली. मग परत फिरवली आणि खाल्ला.

२९ ऑगस्ट, गुरुवार

सकाळी नऊला पार्बताबाईंना ऑपरेशनला आत नेलं, साडेबाराला बाहेर आणलं. त्यांची बहीण आली होती मूर्तिजापूरहून, ती आणि मी दोघी बाकावर. जीवनला यायचं होतं, पण पार्बताबाईंनी आदल्या दिवशी त्याला बजावलं, "तू घरी एकटा राहून दाखव. तवा मले झोप लागन." त्याने ऐकलं. दर अर्ध्या तासाला फोन होता. तिसऱ्या फोनला मी विचारलं, बॅटरी किती आहे? म्हणाला, "एक्क्यान्नव. तुमी मायचं सांगा."

डॉक्टरांना मी वेगळं गाठून विचारलं, या पाच-सहा आठवड्यांनी फरक पडला का?

म्हणाले, "गाठ मोठी होती. जुलैत किती होती, ते फोटोत दिसतं. तेव्हा काढली असती तर पुढचं काय वेगळं झालं असतं, हे मी सांगू शकत नाही. कोणीच सांगू शकणार नाही."

त्यांनी "नाही" म्हणावं म्हणून मी विचारलं होतं. ते म्हणाले नाहीत.

२ सप्टेंबर, सोमवार, पोळा

जीवनचा सकाळी मेसेज. पाच दिवसांत फोन एकदाही बंद पडला नाही. परवा रात्री सहा तास लाईन नव्हती, आली तसा पॅड आपोआप सुरू झाला. एकदा फोन तिरका बसला, पण दिवा लागला नाही म्हणून त्याला कळलं. अंघोळ करताना फोन न्हाणीच्या दाराशी ठेवतो. भात लावायला शिकला, पहिल्या दिवशी करपला, तोच खाल्ला. शेजारी येतात रोज, पिन लावायला नाही, गप्पा मारायला.

दुपारी वॉर्डात हा मेसेज पार्बताबाईंना ऐकवला. दोनदा ऐकला. म्हणाल्या, "भाताले पानी कमी टाकलं असन."

९ सप्टेंबर, सोमवार

आज सुट्टी मिळणार होती. रिपोर्ट शनिवारीच आला. गाठ वाईट निघाली, पण बाहेर पसरलेली नाही. दर तीन आठवड्यांनी औषध चढवायला यावं लागेल, सहा वेळा. पार्बताबाईंनी ऐकून घेतलं आणि विचारलं, "त्याले सांगतलं?" बहीण म्हणाली, डॉक्टरांनी आधी त्यालाच फोन केला. त्यांचा चेहरा मात्र वाईट नव्हता.

गाडी करून सोडायला मी जाणार होते. सात वाजता जीवनचा फोन. मागे बसचा आवाज. "मॅडम, पातूरहून निघालो." मी विचारलं, कोणासोबत? म्हणाला, "फोन गळ्यात लटकवला आहे. तिकिटाचे पैसे वरच्या खिशात ठेवले, कंडक्टरनं काढून घेतले." मग अकोल्याहून फोन, मूर्तिजापूरहून, बडनेऱ्याहून. तीन वर्षांत तो एकटा गावाबाहेर गेला नव्हता, हे मला बहिणीने नंतर सांगितलं.

साडेअकराला वॉर्डाच्या दारात उभा. शर्टाची बटणं वरखाली लागलेली. पार्बताबाई उठून बसल्या.

"एकटा काहून आला रे?"

"कोनाले आनू? घरात एकटाच तं होतो."

त्या हसायला लागल्या आणि टाके दुखले म्हणून पोट धरलं, तरी हसू थांबेना. मग त्याला जवळ बोलावलं, सगळी बटणं काढून पुन्हा नीट लावली. एक बटण लावायला बराच वेळ लागला, सलाइनची सुई टोचलेल्या हाताला अजून सूज आहे. तो वाकून उभा राहिला, घाई केली नाही.

लिफ्टपुढे गर्दी होती. सिस्टर म्हणाल्या, एकच मजला आहे, हळूहळू उतरा. मी त्यांचा हात धरायला पुढे झाले, पण तोवर जीवन एक पायरी खाली उतरून उभा होता. डावा कोपर त्याने मागे केला. पार्बताबाईंनी तो दोन्ही हातांनी धरला, अंगाचा सगळा भार टाकला. तो म्हणाला, "धर नीट. आता पाय टाक." त्यांनी पाय टाकला.

मी पिशवी घेऊन मागे थांबले. जिना अरुंद होता, आणि त्या दोघांनी तो सगळा अडवला होता.